सशर्त ग्रीन कार्डची मुदत चार महिन्यांत संपतेय, घटस्फोट अजून कोर्टात: आय-७५१ कधी आणि कसा भरायचा?

एडिसनची_वाचक

मामेबहिणीसाठी विचारतेय. लग्न पुण्यात झालं, हिंदू विवाह कायद्याखाली, नोंदणीसकट. नवरा अमेरिकन नागरिक. ती सीआर-१ व्हिसावर, म्हणजे नव्या लग्नावर मिळणाऱ्या सशर्त व्हिसावर न्यू जर्सीत आली, म्हणून कार्ड दोन वर्षांचं मिळालं. आता दोघं वेगळी राहतात. घटस्फोटाची केस मिडलसेक्स काउंटीत दाखल आहे, निकाल लागलेला नाही. कार्डची मुदत चार महिन्यांत संपेल.

कार्डवरची दोन वर्षांची अट काढण्याचा अर्ज म्हणजे आय-७५१, त्यावर नवरा सही करायला तयार नाही. वर म्हणतो, "मी स्पॉन्सरशिप मागे घेतली की तुला परत जावं लागेल." हे खरं आहे का? त्याच्या सहीशिवाय अर्ज करता येतो ना? तो निकालाआधी भरायचा की नंतर? आणि निर्णय येईपर्यंत नोकरी, ड्रायव्हिंग लायसन्स, भारतात जाणं-येणं यांचं काय होतं? घरी सगळे फार धास्तावलेत. ऐकीव नको, नेमकी माहिती हवी आहे.

---

फॉर्म_वाचणारा

सगळ्यात आधी धमकीबद्दल, कारण तिची झोप त्यानेच उडाली असणार. नवऱ्याला तिचं ग्रीन कार्ड रद्द करता येत नाही. तिला व्हिसा मिळून ती स्थायी रहिवासी म्हणून देशात आली त्या दिवशी त्याने बायकोसाठी भरलेली आय-१३० याचिका आपलं काम करून संपली, आता तिथून मागे घेण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याने भरलेलं आर्थिक हमीपत्र, आय-८६४, तर घटस्फोटानंतरही चालू राहतं. ती नागरिक झाली, तिच्या खात्यावर सोशल सिक्युरिटीची ४० क्वार्टर्स (साधारण दहा वर्षांचं काम) जमा झाली, ती कायमची देश सोडून गेली, किंवा दोघांपैकी कुणाचा मृत्यू झाला, तरच ते संपतं. घटस्फोटाने संपत नाही. तिचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांखाली गेलं तर त्या हमीपत्रावर ती त्याच्याकडून आधाराचा खर्च कोर्टातून मागू शकते, आणि हा हक्क पोटगीपासून वेगळा आहे. तिच्या घटस्फोटाच्या वकिलाला आय-८६४ बद्दल जरूर सांगा. कौटुंबिक खटले चालवणाऱ्या अनेक वकिलांच्या हे ध्यानात नसतं.

आता अर्ज. नवरा-बायकोचा एकत्र अर्ज असेल तर तो कार्डची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांतच भरावा लागतो. एकटीने भरायचा असेल तर त्याला "संयुक्त अर्जाच्या अटीतून सूट", म्हणजे वेव्हर म्हणतात. वेव्हरला ९० दिवसांची खिडकी लागू नाही. सशर्त रहिवासी झाल्यापासून कधीही भरता येतो, मुदत उलटल्यावरसुद्धा, जोवर देशाबाहेर काढण्याचा अंतिम आदेश झालेला नाही तोवर. फॉर्म तोच आय-७५१, फक्त भाग ३ मध्ये वेगळी चौकट: लग्न प्रामाणिक हेतूने केलं होतं, पण ते घटस्फोटाने किंवा विवाह रद्द होऊन संपलं.

अडचण या "संपलं" शब्दाशी आहे. वेगळं राहणं, केस दाखल असणं, समेटाचा प्रयत्न फसणं, यातल्या कशालाही यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशन खातं, संपलेलं लग्न मानत नाही. हातात अंतिम निकाल हवा. न्यू जर्सीत त्याला फायनल जजमेंट ऑफ डिव्होर्स म्हणतात. कोर्टाकडून गोल्ड सील असलेली प्रमाणित प्रत दोन-तीन संख्येने घेऊन ठेवा, पुढे पासपोर्टलाही लागते.

फी ७५० डॉलर, बोटांचे ठसे त्यातच आले. १ एप्रिल २०२४ पासून हा दर आहे. २०२५ च्या ऑक्टोबर अखेरपासून टपालाने येणाऱ्या अर्जांसोबत चेक किंवा मनी ऑर्डर चालत नाही. क्रेडिट किंवा डेबिट कार्डने भरायचं तर जी-१४५० हा फॉर्म, बँक खात्यातून भरायचं तर जी-१६५०, सही करून अर्जाच्या सगळ्यात वर ठेवायचं. कार्ड नाकारलं गेलं तर अख्खं पाकीट परत येतं आणि मधले आठवडे वाया जातात. तेव्हा कार्डची मर्यादा आधी तपासा, आणि बँकेला सरकारी व्यवहार येतोय एवढं कळवून ठेवा.

---

हडसनकाठ

वरच्या उत्तरात "कधी भरायचा" हे राहिलं, आणि तुमच्या बहिणीसाठी खरा पेच तोच आहे. वाटा तीन.

पहिली: निकाल मुदतीआधी येणार असेल तर थांबा, निकाल जोडून वेव्हर भरा. सगळ्यात स्वच्छ वाट ही. दोघांची तडजोड होऊन केस बिनविरोध झाली तर न्यू जर्सीत हे शक्य असतं. "इर्रिकन्सायलेबल डिफरन्सेस" हे कारण दिलं असेल तर मतभेद किमान सहा महिन्यांचे असावे लागतात. एवढं झालं की बाकी वेळ पोटगी-मालमत्तेच्या वादात जातो, ग्रीन कार्डात नाही.

दुसरी: निकाल उशिरा येणार हे दिसत असेल, तरी मुदत संपण्याआधी वेव्हर भरून टाकायचा. घटस्फोटाचा दाखल अर्ज आणि कोर्टाचा डॉकेट नंबर (खटल्याचा क्रमांक) जोडायचा, आणि निकाल येताच पाठवू असं पत्रात लिहायचं. पुढे यूएससीआयएस पुराव्याची मागणी, म्हणजे आरएफई पाठवतं. उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस, टपालाने आली असेल तर त्यावर ३. या मुदतीला वाढ मिळत नाही. अर्धी कागदपत्रं आता, अर्धी नंतर, असंही चालत नाही. जे पहिल्यांदा पाठवाल तेच तुमचं उत्तर धरलं जातं. त्या ८७ दिवसांत निकाल हातात आला नाही तर अर्ज फेटाळला जातो.

तिसरी: निकाल येईपर्यंत काहीच न भरणं. वेव्हरला मुदत नाही हे खरं असलं तरी ही वाट मी सुचवणार नाही. कार्डची दोन वर्षं संपली आणि आय-७५१ पोचलेला नसला तर सशर्त दर्जा आपोआप संपतो. मग ना मुदतवाढीचं पत्र, ना कामाचा सरळ पुरावा, आणि इमिग्रेशन कोर्टाची नोटीस येण्याचा धोका. २०२५ च्या फेब्रुवारीपासून यूएससीआयएस अशा नोटिसा पूर्वीपेक्षा जास्त सढळपणे काढतं.

तुमच्या बाबतीत मी दुसरी वाट धरली असती, पण एका अटीवर: घटस्फोटाच्या वकिलाने निकालाचा अंदाजे काळ लेखी सांगावा. नवरा मुद्दाम तारखा लांबवतोय असं दिसलं तर वकील न्यायाधीशांपुढे मुद्दे वेगळे करण्याची मागणी करू शकतो: लग्न आधी मोडा, मालमत्तेचं नंतर बघू. न्यू जर्सीचे न्यायाधीश ती सहज मान्य करत नाहीत, पण इमिग्रेशनची मुदत हे सांगण्याजोगं कारण आहे.

आणि नवऱ्याचं मन वळून तो सहीला तयार झालाच, तर वेगळं राहत असतानाही संयुक्त अर्ज करता येतो. कायद्याने लग्न टिकून आहे तोवर तो वैध. फक्त पत्ते खरे लिहायचे. एकत्र राहतो असं भासवलंत तर तीच फसवणूक ठरते. नंतर निकाल आला की नवा अर्ज किंवा नवी फी लागत नाही. पावती क्रमांक लिहून, निकालाची प्रत जोडून, "माझा संयुक्त अर्ज आता घटस्फोटाच्या कारणावरचा वेव्हर म्हणून विचारात घ्यावा" असं सहीचं पत्र पाठवायचं.

---

शिवाजीनगर_फॅमिली_कोर्ट

लग्न पुण्यातलं असल्यामुळे भारतातली बाजू सांगतो. "तिकडे कशाला, पुण्यातच म्युच्युअल करून टाका" असा सल्ला नातेवाईक देतील. घाई असेल तर ऐकू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब (परस्पर संमतीने घटस्फोट) खाली अर्ज करण्याआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि पहिल्या व दुसऱ्या अर्जात सहा महिन्यांचं अंतर. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात ते सहा महिने माफ करण्याची मुभा कौटुंबिक न्यायालयांना दिली, पण ती न्यायाधीशांच्या विवेकावर आहे, हक्क म्हणून मिळत नाही.

न्यू जर्सीचा निकाल यूएससीआयएसला पूर्ण चालतो. प्रश्न उलट बाजूचा असतो: तो भारतात चालेल का? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ आणि १९९१ चा वाय. नरसिंह राव निकाल सांगतो की हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर, दुसऱ्या बाजूने भाग न घेता परदेशात मिळवलेला घटस्फोट भारतात मान्य होत नाही. पण दोघांनी स्वेच्छेने, प्रत्यक्ष हजर राहून त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला आणि घटस्फोटाला संमती दिली, तर मान्यता मिळते. तेव्हा तिने गैरहजर राहू नये, आणि शक्य असेल तर तडजोडीच्या करारात "दोन्ही पक्षांची संमती" स्पष्ट लिहून घ्यावी. पुढे भारतात दुसरं लग्न करायचं झालं किंवा फ्लॅटचा वाद निघाला तर या एका वाक्याची किंमत कळते.

पुण्यातली काही कागदपत्रं मराठीत असतील: लग्नपत्रिका, नोंदणीचा जुना उतारा. प्रत्येकाचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. खाली भाषांतरकाराने सही करून लिहायचं की आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे. नोटरी लागत नाही. भाषांतर तिने स्वतः करू नये, ओळखीच्या दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं.

---

कागदपत्रांची_फाइल

निकाल जोडला की काम झालं, असं समजून अनेक जण अर्ज बारीक पाठवतात आणि तिथेच अडकतात. निकालाने फक्त लग्न संपलं हे सिद्ध होतं. ते खरं होतं, कार्डासाठी केलेलं नव्हतं, हे सिद्ध करायची जबाबदारी वेव्हरमध्ये पूर्णपणे तिच्यावर आहे. अधिकाऱ्याला लग्न मोडलं याचं वावडं नसतं. दोन माणसांनी संसार मांडला होता का, एवढंच तो बघतो.

सगळ्यात वजनदार पुरावा पैशांचा आणि छपराचा. दोघांची नावं असलेला भाडेकरार, संयुक्त बँक खात्याची दर महिन्याची स्टेटमेंट्स (पगार जमा होतोय, किराणा-वीजबिल जातंय असं दिसणारी, शंभर डॉलर टाकून ठेवलेलं निष्क्रिय खातं उलट संशय वाढवतं), गाडीचा आणि आरोग्याचा विमा, नोकरीच्या विम्यात लाभार्थी म्हणून लिहिलेलं नाव. टॅक्स "मॅरीड फायलिंग जॉइंटली" भरला असेल तर आयआरएसच्या, म्हणजे कर खात्याच्या संकेतस्थळावरून ट्रान्स्क्रिप्ट फुकट निघतं, रिटर्नच्या प्रतीपेक्षा त्याला मान जास्त. एक बारकावा: ३१ डिसेंबरला निकाल आलेला नसेल तर त्या वर्षासाठी ती विवाहितच धरली जाते. त्या वर्षी "सिंगल" म्हणून रिटर्न भरलं तर फाइलमध्येच विसंगती तयार होते.

घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, खातं त्याचं, हे आपल्याकडे सर्रास असतं. मग इतर कागद शोधा. त्या पत्त्यावर आलेलं तिचं टपाल, मोटार व्हेइकल कमिशनचं लायसन्स, डॉक्टरकडे "इमर्जन्सी कॉन्टॅक्ट" म्हणून एकमेकांची नावं, पुणे-नेवार्क तिकिटं, व्हॉट्सअ‍ॅपचे संवाद (सगळे नकोत; लग्नाआधीपासून विभक्त होईपर्यंत पसरलेली निवडक पानं, तारखा दिसतील अशी), दोन्हीकडच्या आईवडिलांसोबतचे फोटो. साखरपुड्याचे पन्नास फोटो आणि त्यानंतरचा एकही नाही, ही फाइल कमकुवत. लग्नानंतरचे दिवाळी, वाढदिवस, प्रवास यांचे पंधरा-वीस पुरे, मागे तारीख आणि माणसांची नावं.

दोघांना संसार करताना पाहिलेल्या किमान दोन जणांची शपथपत्रं. "मी त्यांना ओळखतो, ते सुखी होते" याने काही होत नाही. कधी, कुठे, काय पाहिलं ते हवं. लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख व ठिकाण, नातं, आणि हे त्याला कसं ठाऊक तेही.

आणि तिचं स्वतःचं निवेदन. दोन-तीन पानं: ओळख कशी झाली, लग्न का ठरलं, कुठे राहिलो, खर्च कसा वाटला, कुरबुरी कधी सुरू झाल्या, सावरण्यासाठी काय केलं, वेगळे कधी झालो. समुपदेशकाकडे गेले असतील तर त्या भेटींची नोंद जोडा. नवऱ्याला राक्षस ठरवायची गरज नाही. पण घटस्फोटाच्या दाव्यात लिहिलेल्या तारखा आणि या निवेदनातल्या तारखा जुळल्याच पाहिजेत. अधिकारी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचतो. दाव्यात "लग्नानंतर महिन्याभरातच वेगळे झालो" आणि निवेदनात "वर्षभर सुखाने राहिलो", असं झालं तर बाकीच्या सगळ्या पुराव्यावर पाणी फिरतं.

---

एडिसनची_वाचक

खूप उपयोग होतोय. एक विचारायचं राहिलं. तिचा पगार तो स्वतःच्या खात्यात वळवून घ्यायचा, पासपोर्ट लपवून ठेवायचा, फोन तपासायचा. हात उचललेला नाही. याचा अर्जात काही उपयोग होतो का? आणि तो यूएससीआयएसला तिच्याविरुद्ध पत्र लिहील अशी भीती आहे.

---

ओटीवरची_ताई

होतो, आणि हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत. आय-७५१ वर आणखी एक चौकट आहे: मारहाण किंवा "अत्यंत क्रूर वागणूक". त्यात शारीरिक मार असलाच पाहिजे असं नाही. पैशांवर ताबा, कागदपत्रं दडवणं, "तुला परत पाठवीन" अशी धमकी, माणसांपासून तोडणं, हे सगळं मिळून त्यात बसू शकतं. दोन गोष्टी इथे मोलाच्या आहेत. या कारणावर घटस्फोटाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही, आणि फी शून्य आहे. म्हणजे वरच्या "कधी भरायचा" या पेचातून एक दार उघडतं. एकाच अर्जात दोन्ही चौकटींवर खूण करता येते: क्रूर वागणूक आज, घटस्फोट निकाल आल्यावर.

पुरावा वेगळा लागतो. धमकीचे संदेश, पगार वळवल्याची स्टेटमेंट्स, ज्यांना तिने त्या वेळी सांगितलं त्यांची शपथपत्रं, समुपदेशकाचं पत्र, कोर्टाने संरक्षण आदेश दिला असेल तर त्याची प्रत. फोन तो तपासत असेल तर हे सगळं त्याला न पोचणाऱ्या ठिकाणी, नव्या ईमेलवर ठेवा. टपालाचा पत्ता वकिलाचा किंवा विश्वासू मैत्रिणीचा द्या. अशा अर्जातली माहिती नवऱ्याला द्यायला, किंवा केवळ त्याच्या सांगण्यावरून तिच्याविरुद्ध निर्णय घ्यायला कायद्याने मनाई आहे.

त्याच्या पत्राबद्दल: कुणीही पत्र लिहू शकतं, ते फाइलमध्ये जातं. साध्या घटस्फोटाच्या वेव्हरमध्येही तिला माहीत नसलेल्या प्रतिकूल माहितीवर अर्ज नाकारायचा असेल तर आधी ती तिला कळवून उत्तराची संधी द्यावी लागते. फाइलमध्ये काय आहे ते बघायचं असेल तर माहिती अधिकाराखाली, म्हणजे एफओआयएने, स्वतःची इमिग्रेशन फाइल (ए-फाइल) ऑनलाइन मागवता येते.

न्यू जर्सीत "मानवी" ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था १९८५ पासून काम करते. राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, चोवीस तास, दुभाषा मिळतो. "हात उचललेला नाही" म्हणून फोन करायला संकोचू नये.

---

प्रतीक्षेतला_काळ

अर्ज पोचल्यावर आय-७९७ पावती येते. जानेवारी २०२३ पासून तीत कार्डची मुदत ४८ महिन्यांनी वाढवलेली असते. मुदत संपलेलं कार्ड आणि ही पावती मिळून वैध पुरावा. तीच मूळ प्रत जपा, लॅमिनेट करू नका, पासपोर्टसोबत ठेवा. हरवली किंवा टपालात गेली तर यूएससीआयएसच्या संपर्क केंद्राला फोन करून पासपोर्टवर आय-५५१ चा, म्हणजे स्थायी रहिवासाचा पुरावा म्हणून चालणारा शिक्का मागता येतो.

नोकरी: कामाला लागताना ग्रीन कार्ड दाखवलं असेल तर कार्ड संपलं म्हणून मालकाने पुन्हा कागद मागायचे नसतात, सशर्त कार्डालाही हाच नियम. लायसन्स नूतनीकरणाला पावती घेऊन जा.

प्रवास: कार्ड, पावती, पासपोर्ट, तिन्ही हातातल्या बॅगेत. मुंबईला चेक-इनला कर्मचारी संपलेली तारीख बघून अडवतात. शांतपणे पावतीवरचा ४८ महिन्यांचा मजकूर दाखवायचा, आणि सुपरवायझरला बोलवायला सांगायचं. सहा महिन्यांच्या आत परत या. त्याहून जास्त राहिल्यास नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य तुटल्याचं धरलं जाऊ शकतं. आणि अर्ज प्रलंबित असताना लांब राहिलात तर ठशांची किंवा मुलाखतीची तारीख चुकते. मुलाखत न कळवता चुकली की अर्ज फेटाळला जाऊ शकतो. पत्ता बदलला की १० दिवसांत एआर-११, म्हणजे पत्ता बदलल्याचा फॉर्म, ऑनलाइन भरायचा. वेगळं राहायला गेलेल्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, कारण नोटीस जुन्या घरी जाते आणि ती मिळते नवऱ्याच्या हाती.

वेव्हरला मुलाखत येण्याची शक्यता संयुक्त अर्जापेक्षा जास्त असते. मराठीत बोलायचं असेल तर दुभाषा स्वतःच न्यावा लागतो, तो दुभाष्यासाठीच्या जी-१२५६ फॉर्मवर सही करतो.

थांबणं दोन-तीन वर्षांचं होऊ शकतं. मधल्या काळातही ती स्थायी रहिवासीच आहे, आणि ही वर्षं नागरिकत्वासाठी मोजली जातात. घटस्फोटानंतर तीन वर्षांची सवलत जाते. कार्डावरच्या "रेसिडंट सिन्स" तारखेपासून पाच वर्षं धरायची, आणि त्याआधी ९० दिवसांपासून एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज भरता येतो. आय-७५१ अडकलेला असला तरी भरता येतो, अनेकदा मग दोन्ही एकाच मुलाखतीत निकाली निघतात. संकेतस्थळावरची प्रक्रियेची मुदत उलटली की आधी चौकशी, मग आपल्या काँग्रेस प्रतिनिधीच्या कार्यालयातून विचारणा. तरीही हालचाल नसेल तर फेडरल कोर्टात मॅन्डॅमस, म्हणजे खात्याला निर्णय द्यायला लावणारा दावा, कोर्टाची फी ४०५ डॉलर, वकिलाची वेगळी. मॅन्डॅमसने निर्णय लवकर मिळतो, अनुकूलच मिळेल असं नाही. तेव्हा फाइल भरभक्कम असेल तरच.

---

हडसनकाठ

दोन पुरवण्या.

इथे वाचणाऱ्या बऱ्याच जणींचा प्रश्न वेगळा असणार, तेव्हा गल्लत नको. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, आपण एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, आणि ग्रीन कार्डचा अर्ज त्याच्या नोकरीमार्फत: इथे आय-७५१ चा संबंधच नाही. आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) मंजूर होण्याआधी घटस्फोट झाला तर आपला अवलंबित हक्क आणि एच-४ दोन्ही संपतात. मंजूर झाल्यानंतर झाला तर कार्डाला धक्का नाही. अशा वेळी निकालाची तारीख ठरवण्याआधीच इमिग्रेशन वकिलाशी बोला.

दुसरी: अर्ज फेटाळला गेला म्हणजे सगळं संपलं असं नाही. वेव्हर पुन्हा भरता येतो, अधिक पुराव्यासह. नोटीस येऊन प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशांपुढे गेलं तर ते नव्याने तपासलं जातं, आणि तोवर ती काम करू शकते.

---

एडिसनची_वाचक

तिच्या घटस्फोटाच्या वकिलाला आजच ईमेल करते: निकालाचा अंदाज लेखी हवा, आणि आय-८६४ ची प्रत. पगार वळवल्याची स्टेटमेंट्स ती उतरवून घेतेय. शेवटचं एक: पुढे तिने दुसरं लग्न केलं तर या अर्जावर परिणाम होतो का?

---

फॉर्म_वाचणारा

घटस्फोटाचा निकाल आल्यानंतर केलं तर वेव्हरला बाधा नाही, मुलाखतीत विचारतील एवढंच. मात्र नवा नवरा भारतात असेल आणि तिला त्याच्यासाठी आय-१३० भरायचा असेल, तर एक जुनी तरतूद आडवी येते. लग्नामार्फत कार्ड मिळालेल्या व्यक्तीने पाच वर्षांच्या आत नव्या जोडीदारासाठी याचिका केली तर पहिलं लग्न खोटं नव्हतं हे पुन्हा, "स्पष्ट आणि खात्रीलायक" पुराव्याने सिद्ध करावं लागतं. पाच वर्षं झाली किंवा ती नागरिक झाली की ही अट नाही. त्यामुळे आत्ता गोळा केलेली फाइल वेव्हर मंजूर झाल्यावरही फेकू नये, स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवावी.